कारभारी घरात आला

माननीय विहीणबाईंस नमस्कार.

गुडघा आता जिना चढू देतो का? आमच्याकडे बरं आहे, फक्त आपली नात दोन्ही हात गळ्यात अडकवून बसली आहे. (सायकलवरून पडली, पण डोकं शाबूत आहे, जीभ तर जास्तच.) तुमचा निरोप पोचला होता, त्याचं शेवटी लिहिते.

तर मी कॉम्प्युटर चालवला. हसू नका. पोरीला नोकरीसाठी संध्याकाळपर्यंत एक काम पाठवायचं होतं, आईबाप कामावर, आणि घरात धड हात काय ते माझेच. काम होत आलेलं, पण नव्या कॉम्प्युटरवर चालेना. आधी त्यात एक कारभारी बसवायला हवा होता. (ती त्याला पॅकेज मॅनेजर म्हणते.) स्वेटर विणताना बटणं काही आपण घरी बनवत नाही, तसंच या लोकांचं. दुसऱ्यांनी करून ठेवलेलं आयतं सामान वापरतात, आणि ते आणून जागच्या जागी लावतो तो हा.

तिने एक काळी खिडकी उघडायला लावली. तिसरीत शाळा सुटली तेव्हा माझी पाटी फुटकी होती, ही नवी मिळाली म्हणायची. इंग्रजी अक्षरं मला कुठली यायला, म्हणून ती सांगणार, "आजी, तंबूसारखं अक्षर", "आजी, एका पायरीची शिडी", आणि मी शोधून दाबणार. मग कॉम्प्युटरने पासवर्ड मागितला. मी दाबतेय, पाटी कोरीच. कळा मेल्या असं वाटून प्रत्येक कळ दोनदोनदा दाबली, तर त्याने मला हाकलून दिलं. नात म्हणाली, "अगं, दिसत नाही, पण लिहिलं जातंय." (तुमचे व्याही असेच होते. ऐकलं की नाही ते तोंडावर दिसायचं नाही, पण ऐकलेलं असायचं.)

कारभारी आला एकदाचा. हाक मारली तर कॉम्प्युटर म्हणतो, असा कोणी इथे नाही. उंबऱ्याच्या आत उभा आणि घरच्यांना पत्ता नाही! खिडकी लावून पुन्हा उघडली तेव्हा कुठे ओळख पटली.

मग एकच वस्तू मागवली. तो विचारतो, तिच्यासोबत तिची मंडळी आणि त्या मंडळींची मंडळी येतील, घेऊ का? पानभर नावं. मी परस्पर 'नाही'ची कळ दाबली. (ती मात्र मला न विचारता सापडली.) "आजी, ती नसतील तर ही एकटी काय करणार? येऊ दे सगळ्यांना," नात कळवळली. पुन्हा मागवलं, 'हो' म्हटलं, आणि सगळी गुपचूप आपापल्या कोपऱ्यात जाऊन बसली. कुणाला पांघरूणसुद्धा लागलं नाही. काम दिवेलागणीच्या आत गेलं, आणि पोरीने मला कपाळाने थोपटलं, हात नव्हते म्हणून.

आपली,
नातीचे सध्याचे दोन्ही हात

ता. क. तुम्ही, तुमच्या दोघी बहिणी आणि धाकटीची नणंद नातीला बघायला येता म्हणालात, त्यावर मी मुलाकडून 'जागा नाही' असं कळवलं होतं. ती कळ चुकून दाबली गेली असं समजा. सगळ्या या. पोरगी जेवताना तुमचीच आठवण काढते, आणि भरवताना माझे हात भरून येतात.

पुन्हा ता. क. जरा लवकरच या. काल नात झोपली असताना ती कोपऱ्यातली मंडळी मला पसारा वाटली आणि मी सगळी कचऱ्याच्या डब्यात टाकली. (टाकायचं कसं ते तिनेच शिकवलं होतं.) तिला अजून कळलेलं नाही. कळेल तेव्हा घरात पाहुणे असलेले बरे. पाहुण्यांसमोर ती ओरडत नाही.