डोंगरावरची तार आणि माझा सूड

१ ऑगस्ट, बुधवार
आज खबर लागली. डोंगरावरच्या दुर्बिणीपासून खाली ला सेरेना शहरापर्यंत नवी फायबरची तार. आकाशाची चित्रं आता तारेतून जाणार. एकोणीस वर्षं दर बुधवारी ती डिस्कच्या पेटीत घालून मी गाडीनं उतरवली, एक ओरखडा नाही. आणि ही तार टाकणारी इंजिनियर यास्ना म्हणते, "ताता, आता बुधवारी घरी बसून चहा प्या." हिला गाडी मी शिकवली. सूड घेणार.

२ ऑगस्ट
यास्नाशी अबोला. कडक.
दुपारी बोललो, पण पोरोतोसच्या उसळीत मीठ कमी आहे एवढंच. ती नको तेवढं हसली.

९ ऑगस्ट
साहेबांसमोर आव्हान दिलं. माझी गाडी विरुद्ध तिची तार, बावीस तारखेला. जिंकलो तर बुधवारची फेरी कायम. साहेब हो म्हणाले. आमची बायको एर्मेलिंदा म्हणाली, गुडघे धड वाकत नाहीत आणि निघाले विजेशी भांडायला. तिला यंत्रातलं काय कळतंय.

१४ ऑगस्ट
यास्ना हळूच येऊन म्हणाली, एका रात्रीची कशाला, महिन्याभराची चित्रं न्या. डाव ओळखला. ओझ्यानं वळणावर माझे ब्रेक तापावेत! ठणकावलं, एकाच रात्रीची नेणार. एकच पेटी, हलकी. तिनं कपाळाला हात लावला. घाबरली.

२२ ऑगस्ट, सकाळी ७
टायरमध्ये हवा भरली. तारेला ना टायर, ना अनुभव. आज धूळ चारतो.

त्याच दिवशी, ९.४०
एक तास बावन्न मिनिटं. माझा आजवरचा विक्रम. ला सेरेनाच्या ऑफिसात सगळे चहा पीत बसलेले, चित्रं पडद्यावर. तारेला अठरा मिनिटं लागली म्हणे. मला शेळ्या आडव्या आल्या, हे कोणी धरतच नाही.
यास्नाचा फोन. "ताता, महिन्याभराची नेली असती तर माझी तार नऊ तास रखडली असती. तुमची फेरी वाचली असती हो."
आधी सांगायला काय झालं होतं? दगाबाज.

२९ ऑगस्ट, बुधवार
फेरी बंद. यास्नाला दाढ काढायला ला सेरेनाला जायचं होतं, साहेबांनी मलाच पाठवलं. बरी सापडली. सूड म्हणून गाडी मुद्दाम गोगलगायीसारखी हाकली. एकेक वळण जपून. तीन तास.
ती वाटभर गाढ झोपलेली. उतरताना गाल धरून म्हणाली, "थांबाल ना, ताता?"
दवाखान्याबाहेर थांबलोय.