आवाज बसला त्या दिवशीचा फेरफटका

आईला इथूनच वाकून नमस्कार.

माझा घसा आता बरा आहे, आधी तेवढं बाबांना सांग. फोनवर खोकले म्हणून ते उगाच जिवाला घोर लावून घेतील.

झालं असं, की परवा विद्यापीठाजवळच्या जुन्या गल्ल्यांतून पर्यटक पाहुण्यांना माहिती सांगत फिरवताना माझा आवाज पार बसला. नेमक्या त्याच दिवशी ऑफिसच्या मोठ्या बाई, मला कायम करायचं का ते ठरवायला, माझं काम बघत सोबत होत्या. एका कवीच्या घरासमोर थांबलो, मी तोंड उघडलं आणि नुसती हवा! मग हातातला त्याच्या कवितेचा कागद मी पाहुण्यांतल्या एका आजोबांना दिला. ते निवृत्त बसड्रायव्हर. सकाळपासून छत्रीवरून त्यांची सोबतच्या बायकोशी, म्हणजे आजींशी, जुंपली होती.

चष्मा चढवून ते वाचायला लागले. कवीनं बायकोसाठी लिहिलेल्या ओळी होत्या. आधी अडखळले, मग असे रंगले, की वरची एक खिडकी उघडली.

आजी म्हणाल्या, "घरी साधं वीजबिलसुद्धा मला वाचायला लावता!" सगळे हसले. मग त्याच हळूच म्हणाल्या, "परत वाचा ना."

त्यांनी परत वाचलं. आजी भिंतीकडे तोंड करून ऐकत होत्या.

निघताना मोठ्या बाई म्हणाल्या, "आवाज आला तरी हे असंच ठेव." म्हणजे नोकरी पक्की समज.

तुझे गुडघे कसे आहेत? खरं सांग, मला बरं वाटावं म्हणून नको. आणि एक विचारू? बाबांनी तुला कधी काही वाचून दाखवलंय का?

उत्तराची वाट बघणारी,
तुझी धाकटी