माफीचा व्हिडिओ

मोरबी, २१ मार्च
सकाळी गेटवरचा वॉचमन म्हणे, "तेरे गाँव का कोई बुड्ढा आया है, मुँह काला है उसका." पाहतो तं बळीराममामा. मायचा सख्खा भाऊ. कानामागं, नाकाच्या कडेले जळकं ऑइल. तीन दिवस घासून राह्यले, निघत नाही. जऊळका टेशनावरून अकोला, तिथून अहमदाबादची गाडी, पुढं बस. सोबत एक पिशवी, तिच्यात फाटका डफ. म्हटलं, "कपडे काहून नाही आणले?"
"डफ पहिले हाती आला बाप्पा."
दुपारी कारखान्यात लाईनवर दोन टाइल्स फुटल्या हातून. सुपरवायझरनं माय काढली.

२२ मार्च
मामा तीस वर्षं खडी गंमत करून राह्यले. उभ्यानं डफ, लुगडं नेसलेला नाच्या, पुढाऱ्याची टर. रिसोडकडच्या एका जत्रेत तिकडचे पुढारी भाऊसाहेब, त्याईच्यावर कवन केलं. (पुढं भा. सा. लिहितो. पूर्ण नाव नको.) भा. सा. नं एकाच पुलाचा नारळ तीनदा फोडला, पण पूल नाही. मामाच्या कवनात नदी इचारते, "साखरपुडा तीनदा केला, आता वरात कवा आणता?" लोक पोट धरून हासले. भा. सा. चे पोट्टे नाही हासले. स्टेजवर चढले. डफावर बुटासकट उड्या. मंग ऑइल. सारं मोबाइलात काढलं, वर गाणं टाकून फिरवलं. मी पण पाह्यलं होतं ते. पहिल्यांदा हासलो होतो, मामा आहेत हे समजाच्या आधी.
गुन्हा मामावरच. भावना दुखावल्या म्हणे.
आता मागणी एकच : नाच्याचं लुगडं नेसून, हात जोडून, रडत माफी मागा. व्हिडिओ पाठवा. मंग केस मागं.
मामा म्हणे, "मारलं ते ठीक. पण रडायचं ते मीच लिहीन, त्याईनं लिहून देल्लेलं नाही." अन् गाव सोडून पयले.

२९ मार्च
खोलीत आमी चौघं, मामा पाचवे. मामाले कोणी ओळखू नये म्हणून साऱ्याईले सांगतलं, हे हिंगोलीचे किसन आचारी. आचारी म्हटल्यावर रांधा लागते. वरण खारट, पोळी जाड. रिसोडचा संतोष म्हणे, "किसनकाका, ही पोळी भट्टीत टाकली तं टाइल होईन." मामा हासले. मले राग आला. मामाचा का संतोषचा, मालूम नाही.
ताट हाती आलं की त्यावर डफासारखी बोटं वाजवतात. दोनदा झापलं. मायच्या भावाले असं बोलाव नाही, पण बोललो.

६ एप्रिल
मामीचा फोन. चक्कीवाला म्हणे, काकू, मशीन बंद आहे. मशीनचा आवाज फोनात मले आयकू येत होता. हरभरा काढाले सारा गाव गेला, मामीले कोणी बोलावलं नाही. नळावर गेली की बाया बोलणं बंद करतात. मामानं फोन घेऊन एवढंच इचारलं, "गायीनं दूध देल्लं का?"

१४ एप्रिल
जयंती. कॉलनीत आपल्या तिकडचे साठसत्तर लोक. मीच म्हटलं, आचारी गाते आमचा. काहून म्हटलं? चोवीस दिवस ते खोलीत भिंतीकडं तोंड करून बसले, मले पाहवत नव्हतं. हे एक. अन् दुसरं, माया मामा काय आहे हे या लोकाईले दाखवाचं होतं. डफाले संतोषनं फाटक्या चामड्याच्या जागी प्लास्टिकचं पान बसवून देल्लं.
गायले. बाप्पा. माणसं खुर्च्यावर उभे राह्यले.

१५ एप्रिल
कालच्या गाण्याचे चाळीस सेकंद माया स्टेटसले टाकले. तोंड दिसत नाही, फक्त हात अन् डफ. चारदा तपासून पाह्यलं.

१७ एप्रिल
गावाकडचा नंबर. आवाज ओळखीचा नव्हता.
"काय इनोदभाऊ, मामा मजेत? मोरबीची हवा मानवली?"
फोन ठेवला. व्हिडिओ पुन्हा लावला. शेवटाले मामा गातात, "कोळदरीचा बळीराम म्हणे…"
आमच्याकडं कवनाच्या शेवटी शाहीर आपलं नाव, गाव घालते. त्याले छाप म्हणतात. छाप आली की कवन संपलं, टाळ्या वाजवा. शब्द कोणी आयकत नाही. लहानपणापासून हजारदा टाळ्या वाजवल्या असतील म्या. तोंड तपासलं, हात तपासले, मागची भिंत तपासली. छाप आयकलीच नाही. अन् मामाले किसन होऊन गाताच आलं नाही.

१८ एप्रिल
मामाले सांगतलं, व्हिडिओ संतोषनं फिरवला.
बाकीच्या दोघाईले बी मामा कोण ते सांगा लागलं, त्याईनं संतोषची पेटी बाहेर ठेवली. तो म्हणे, "आईची शपथ, मी नाही." मायाकडं पाहत होता. मी बूट बांधत होतो.

२० एप्रिल
भा. सा. च्या माणसानं चार ओळी लिहून पाठवल्या. "मी अडाणी कलावंत, पोटासाठी भुंकलो." मामीच्या घरासमोर रोज दोन मोटरसायकली उभ्या राह्यतात. काही करत नाहीत, हॉर्न वाजवतात. मामी म्हणे, "मले सांगू नका काय कराचं. पण मी गायीले घेऊन कुठं जाऊ?"
मामानं डफ पलंगाखाली सारला. "लुगडं आण."
शेजारच्या वहिनीचं आणलं. मामानं निऱ्या अशा घातल्या की वहिनी पाहतच राह्यली.

२१ एप्रिल
पहिला पाठवला. वापस आला : "हा रडून राह्यला का टर उडवून राह्यला?" खरंच, मामा हात जोडतात तं त्यात नाच्या दिसते. कंबर आपोआप मुरडते. दुसरा पाठवला. "आसवं दिसत नाही." तिसऱ्याले म्हणे, "उजेड कमी आहे, पुन्हा काढा."
मामा भिंतीले टेकले. "तीस वर्षांत कोणी असं बसवलं नाही मले."

२२ एप्रिल
चौथा. मामा उभे राह्यले अन् कंबर मुरडलीच नाही. आवाज बी त्याईचा नव्हता. चार ओळी म्हटल्या, रडले. मोबाइल धरून माया हात दुखला, म्या खाली केला नाही.
लुगडं घडी करता करता म्हणे, "तुया स्टेटसले किती लोकाईनं पाह्यलं?"
टाकणारा मी होतो हे मामीनं सांगतलं असन. नाही तं पहिलेच मालूम असन.
"दोनशे बारा."
"जत्रेत एवढे नव्हते रे," म्हणे. अन् मंग, "संतोषले फोन लाव. पोट्ट्याले बोलावून घे."
नाही लावला.

२३ एप्रिल
चौथा मायाच मोबाइलात आहे. मामा म्हणे, "तू पाठव. मी पाहत नाही." सकाळपासून दोनदा इचारलं, "गेला का?"
"रेंज नाही."
"बरं."
रेंज आहे. एकदा गेला की जत्रा-जत्रांत तोच लावतीन, मामा उभे राह्यले की पोट्टे मोबाइल वर करतीन. नाही गेला तं मामी. मघाशी तिचा फोन येऊन गेला, आज तीन मोटरसायकली. मामा भांडे घासून राह्यले, ताट न वाजवता.
दोनची शिफ्ट. मोबाइल गेटवर जमा करा लागते. त्याच्या आत पाठवाचा का पुसून टाकाचा, ते मलेच ठरवा लागते.