बाबांचे अकरा वाफे

१२ जाने., सोम.
आजपासून काम घरून, उरणला. बाबांना एकटं ठेवणं आता जमणार नाही. शनिवारी ते गॅस चालू ठेवून देवळात गेले होते. ऑफिसचं नवं काम गळ्यात पडलंय : एआय एजंटच्या मेमरीच्या टूलचं डॉक्युमेंट. नोंद वाचणे, घालणे, अपडेट करणे, पुसणे. कामं चार, पानं चाळीस. नेहा (माझी लीड, पुण्याची) म्हणाली, उदाहरणं खरीखुरी घे, 'राहुलला चहा आवडतो' छाप नकोत.

१५ जाने.
उदाहरणं घरातच सापडली. टेस्टचा एजंट बाबांच्या फोनवर घातला. बोललेलं ऐकतो, लक्षात ठेवण्यासारखं लिहून ठेवतो. बाबा आधी हसले, मग जे सुटले! मिठागराशिवाय दुसरा विषय नाही. आपले अकरा वाफे, प्रत्येकाला नाव. पाणी धरत नाही तो पाणचोर. आई नवी नवरी असताना आजीशी भांडून ज्याच्या बांधावर दुपारपर्यंत बसून राहिली, तो रुसका. असे अकराच्या अकरा, पाऊण तास. मी बाजूलाच, नेहाशी चॅटवर. अर्ध्या कानाने ऐकत होते. त्या जागेवर आता कंटेनर उभे आहेत, नावं एकट्या बाबांना ठाऊक.
शेवटी म्हणाले, "याला सांगितला तं राहील ना गो बाय?"
"राहील बाबा. कायमचं."

२८ जाने.
अपडेटचं पान झालं. लिहिलं : 'माणसाने दुरुस्ती सांगितली की एजंट नोंद बदलतो, त्यामुळे मेमरी नेहमी ताजी आणि अचूक राहते.' नेहाला वाक्य आवडलं. मलाही, खोटं कशाला बोलू.

९ फेब्रु.
वाईट दिवस. सकाळी मला आत्या समजले. जेवताना आईला हाका मारत होते. आईला जाऊन नऊ वर्षं झाली. काय सांगणार, "येतेय" म्हटलं. दुपारी मात्र फोनशी छान गप्पा मारत बसतात, तेवढंच मला निवांत काम करता येतं.

१७ फेब्रु.
डॉक्युमेंटला स्क्रीनशॉट हवा म्हणून बाबांची नोंद उघडली.
'मिठागरात वाफे चार. नावे नव्हती. लग्न झालेले नाही.'
बंद करून पुन्हा उघडली. तेच.
बाबांनीच सांगितलं असणार. अकरा नाय, चार. नावं कसली? बायको कुठली? आणि त्याने इमानेइतबारे बदललं. सात वेळा अपडेट.
नेहाला फोन. जुनं परत काढता येतं का?
"नाही गं. अपडेट म्हणजे त्याच्यावरच नवीन लिहिणं, आधीचं जातं. बोलणंही आपण साठवत नाही." मग म्हणाली, "पण हे डॉक्युमेंटमध्ये यायला हवं होतं ना?"
हवं होतं. लिहिणारी मीच.

१८ फेब्रु.
थोरला, पाणचोर, रुसका. चौथा खेकड्या बहुतेक. की हे मी आत्ता रचलं? त्या दिवशी चॅट बंद केलं असतं तर... काय महत्त्वाचं चाललं होतं, तेही आठवत नाही. न्हाणीत नळ सोडून रडून घेतलं.

२१ फेब्रु.
जेवताना बाबांसमोर वही घेऊन बसले. आठवा ना. "कंचे वाफे?" मी पुन्हा विचारलं. पुन्हा. हट्टालाच पेटले होते. त्यांनी ताट सरकवलं. "सांगितला ना तुना एकदा! किती डाव सांगू?" आणि मग तेच रडायला लागले. नालायक आहे मी.

२४ फेब्रु.
पानावर लाल चौकट घातली : 'अपडेट केल्यावर जुनी नोंद राहत नाही. जपायची असल्यास आधी वेगळी उतरवून घ्या.' नेहाचा अंगठा आला. लोकांना उपयोग होईल.

२ मार्च
आज नोंद स्वतः दुरुस्त करायला बसले. टाइप केलं : वाफे अकरा. थोरला, पाणचोर, रुसका, बाकीची नावे माझ्या हातून गेली. पत्नी हिरा. बटण दाबणार तोच ओटीवरून बाबांचा आवाज. फोनला विचारत होते, "माझं वाफं किती रं?"
"चार," तो म्हणाला.
"बरोबर. चार!" किती खूश झाले. महिनाभरात असे हसले नव्हते. मला हाक मारली, "बाय, याला सगला ठाव हाय बघ."
मी हो म्हटलं.
अकरा ऐकलं तर त्यांना कळेल की आपण विसरलो. चारच ठेवलं तर आई कधी नव्हतीच. दोन्ही माझ्याच्याने होत नाही. दुरुस्ती स्क्रीनवर तशीच आहे, आणि ओटीवर ते पुन्हा तेच विचारतायत.