निकोलेताचा लाल रुमाल

प्रिय आईस,

बेटावरून पास्कोचा नमस्कार. मी धडधाकट आहे. भाकरी आणि खारे मासे वेळेवर मिळतात. पत्राला धुरी दिलीय, निर्धास्त हातात घे. गुडघा अजून दुखतो का?

पाद्रीबाबा, इथून पुढचं आईला वाचून दाखवू नका. तुम्हीच मनात वाचा.

साथ शहरात शिरू नये म्हणून परमुलखातून आलेल्यांनी तीस दिवस या बेटावर थांबायचं, हा आपल्या रागुसा शहराचा नियम. मी त्याला हसलो. येत्या रविवारी निकोलेताचं लग्न, आणि भावाने आणलेला रेशमी रुमाल तिच्या डोक्यावर नको? भाकरी आणणाऱ्या मिहोकाकाच्या हाती मी तो आठव्याच दिवशी गुपचूप घरी पाठवला. काका म्हणाला, "पास्क्या, चाबूक खाशील!" मी म्हणालो, "नवरीचा भाऊ आहे मी, चोर नाही."

तो रुमाल माझा जहाजावरचा जोडीदार रादिच याच्या पेटीत, त्याच्या सदऱ्यांत गुंडाळलेला होता. रादिच काल गेला. काखेत गाठी आल्या होत्या. मीच त्याला पुरला.

रुमाल चिमट्याने उचला आणि जाळा. निकोलेताने तो डोक्यावर घेऊन पाहिला असेल, तर लग्न थांबवा. कारण विचारतील तेव्हा चारचौघांत माझं नाव घ्या, मला पाठीशी घालू नका.

चार दिवस झाले, भाकरी दुसराच कुणी आणतो. मिहोकाकाचं विचारलं की मान खाली घालतो.

पाद्रीबाबा, काका कसा आहे?

तुम्हा सगळ्यांचा अपराधी,
पास्को