टेकडीवरचं हॉटेल आणि आमचं आवळीभोजन

मुलुंड,
कार्तिक वद्य पंचमी, १९५६

ती. माणिकमामांच्या चरणी विद्याधरचा दंडवत. सुगंधाचाही नमस्कार आहे (ती आत कोहळ्याच्या वड्या थापते आहे, म्हणून तिचा मीच लिहून टाकतो). इकडे सर्वांच्या प्रकृती उत्तम. तुमचा गुडघा, मामींचं पित्त आणि काळी गाय यांचं क्षेमकुशल सवडीने कळवावं. गाय व्याली का, एवढं आधी कळवलंत तरी चालेल, सुगंधा रोज विचारते.

तुम्ही मागे आला होता तेव्हा ज्या टेकडीवर तुमची छत्री उडून गेली, तिथे आता हॉटेल झालं आहे. नुसतं हॉटेल नव्हे, हवा खाण्याचं हॉटेल. मुंबईच्या कोणा शेठजींना वाटलं, की मुलुंडच्या डोंगराची हवा फुकट जाते आहे. वेताच्या खुर्च्या, हिरवळ, बँड, पांढऱ्या हातमोज्यांचे वेटर, सगळा सरंजाम आहे. (दारूबंदीमुळे पाहुण्यांना पिण्यासारखंही हवेखेरीज काही नाही, असं आमचे शेजारी भाऊ म्हणतात.) मामा, हवा त्यांनी खाल्ली तर आमची हरकत नव्हती, पण हवेपाठोपाठ आमचा धोबीही गेला. गुणाजी आता फक्त हॉटेलच्या चादरी धुतो. परवा रस्त्यात भेटला तर माझ्या शर्टाकडे अशा नजरेने पाहिलं, की मीच ओशाळलो. दूधवाल्याचं सायीचं दूध टेकडी चढतं आणि उरलेलं आमच्याकडे उतरतं. रस्ता मात्र डांबरी झाला, अगदी झकास, पण तो हॉटेलच्या फाटकाकडे वळतो तिथे आमच्या वाडीची वाट सुरू होते आणि डांबर संपतं. शिवाय पाहुणे संध्याकाळी फिरायला निघतात ते आम्हाला बघायला. एका बाईंनी मला ओटीवर पंचांग वाचताना पाहून नवऱ्याला बोलावून आणलं. मीही जरा ताठ बसलो.

हे सगळं आम्ही सोसलं. पण दसऱ्याच्या सुमारास हॉटेलवाल्यांनी टेकडीभोवती तारेचं कुंपण घातलं आणि त्यात आपली आवळी आत गेली. तुम्हाला ठाऊकच आहे, कार्तिकातल्या नवमीला वाडीतल्या बायका त्या आवळीखाली चूल मांडतात, झाडाला सूत गुंडाळतात आणि तिथेच सगळ्यांची पंगत बसते. त्या दिवशी पाणी पुरुषांनी वाहायचं, पत्रावळी पुरुषांनी उचलायच्या आणि बायकांनी दुपारभर सावलीत पाय पसरून गप्पा मारायच्या, असा तिथला कायदा आहे. सुगंधा वर्षभरात घराबाहेर अशी बसते ती तेवढ्याच दिवशी. कुंपण पाहून आली ती नुसती मागच्या दारात उभी राहून टेकडीकडे बघत राहिली आणि आमटी करपली. आमच्या लग्नानंतर करपलेली ती पहिली आमटी. मला फार वाईट वाटलं, मामा. एक वर्ष चुकलं की पुढे कोणी आत घेणार नाही, हे तिला कळत होतं आणि मलाही कळत होतं.

तेव्हा आम्ही टेकडी बचाव समिती काढली. भाऊ अध्यक्ष, मी चिटणीस. पहिल्याच बैठकीत सर्वांनी शपथ घेतली, की काही झालं तरी या हॉटेलात पाहुणा म्हणून पाऊल ठेवायचं नाही. दुसऱ्या बैठकीत ठरलं, की निषेध नोंदवायला कोणीतरी पाऊल ठेवलंच पाहिजे, आणि इंग्रजी येतं म्हणून मला पाठवलं. (ऑफिसात मी आवक-जावक विभागात आहे. इंग्रजी माझ्या हातून जातं येतं, एवढंच.) मी लग्नातला कोट घालून गेलो आणि त्या कोटानेच वाट लावली. मॅनेजर चंद्रप्रकाश नावाचे, अतिशय अदबशीर गृहस्थ आहेत. त्यांनी मला वेताच्या खुर्चीत बसवलं, कॉफी मागवली. कॉफीचा कप हातात असताना निषेध कसा करायचा, हे समितीत ठरलं नव्हतं. मी आवळीभोजनाचं सांगितलं. त्यांनी विचारलं, माणसं किती? मी म्हटलं, सगळी वाडी. शाकाहारी? मी म्हटलं, कांदालसूणसुद्धा चालणार नाही. झाडाखालीच हवं? मी म्हटलं, मुद्दा तोच आहे. ते म्हणाले, काळजी सोडा, झाडाखालीच होईल. मी धावतच खाली आलो. भाऊंनी मला मिठी मारली आणि सुगंधाने त्या रात्री न सांगता भजी तळली.

नवमीला सकाळी आम्ही पातेली, तांदूळ, कोहळा, सरपण घेऊन टेकडी चढलो. फाटकातल्या पठाणाने चक्क सलाम केला. आणि आत पाहतो तर आवळीखाली टेबलं मांडलेली, त्यावर पांढऱ्या चादरी (गुणाजीच्या हातच्या, कडक), काटेचमचे, रांगेने वेटर, आणि बँड वाजतो आहे! चंद्रप्रकाशांनी माझं बोलणं पार्टीची ऑर्डर म्हणून लिहून घेतलं होतं. वरून, जेवणात पाला पडू नये म्हणून त्यांनी झाडाखाली पट्ट्यापट्ट्यांचा भलामोठा मांडव ताणला होता. या मांडवाचा त्यांना विशेष अभिमान दिसला. मी तिथल्या तिथे नाहीसा होण्याचा विचार केला, पण हातात पाण्याची घागर होती.

सुगंधा पुढे झाली. म्हणाली, "हे कापड आधी काढा."

चंद्रप्रकाश कळवळले, "बहेनजी, पत्ते गिरेंगे खाने में!"

"गिरने दो. त्यासाठीच तर आलोय ना आम्ही!"

आवळीचं पान आपल्या पानात पडणं भाग्याचं, हे त्या बिचाऱ्याला कोणी सांगितलं होतं? अन्नात झाडाचा पाला पडावा म्हणून डोंगर चढून येणारी माणसं त्याने नोकरीत पाहिली नव्हती. मांडव उतरला. टेबलं कडेला गेली. हिरवळीवर तीन दगडांच्या चुली पेटल्या तेव्हा चंद्रप्रकाशांनी डोळे मिटून घेतले, ते शेजारच्या शेवंतीवहिनींनी त्यांच्यापुढे नारळ आणि विळी ठेवली तेव्हाच उघडले. वेटरांनी हातमोजे काढून तोंडली चिरली. मसालेभाताची फोडणी पडली आणि हॉटेलच्या जेवणघरातून उकडलेल्या भाज्या सोडून पाहुणे एकेक करून बाहेर येऊ लागले. बायकांनी कोणालाही न विचारता पत्रावळी वाढवल्या. मला पंचांग वाचताना पाहायला आलेल्या बाई माझ्याच शेजारी मांडी घालायचा प्रयत्न करत होत्या.

शेठजी नेमके त्याच दिवशी हॉटेल बघायला आले होते. जाडजूड, घाईतले, कपाळावर आठ्या. ते ओरडायला म्हणून आले आणि सुगंधाने त्यांना पाटावर बसवलं. त्यांच्या भातात आवळीचं पान पडलं, ते काढून टाकणार तोच तिने हात धरला आणि सांगितलं, की आता वर्षभर तुमचं सगळं चांगलं होणार. मामा, त्या माणसाच्या आठ्या गेल्या हो. मॅनेजर मधेच पार्टीच्या बिलाचा कागद घेऊन त्यांच्या कानाशी वाकले, पण शेठ चौथ्यांदा भात घेत होते, तेव्हा कागद पुन्हा खिशात गेला.

तर आता कुंपणाला आमच्या बाजूने एक लहानसं दार झालं आहे. शेठजींनी बायकांना सांगितलं, की तुमचीच टेकडी, केव्हाही या. (समितीला काही सांगितलं नाही.) चंद्रप्रकाशांनी दर रविवारी आवळीभोजन ठेवण्याची कल्पना काढली होती, पण सुगंधाने त्यांना कार्तिक वर्षातून एकदाच येतो हे समजावलं. धोबी आणि साय गेली ती गेलीच. पण घर पुन्हा पहिल्यासारखं झालं आहे, आमटी करपत नाही, आणि मी सुखात आहे. मामींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा
विद्याधर

ता. क. : हे पत्र खरं म्हणजे एका विनंतीसाठी लिहिलं. त्या दिवशी आवराआवर झाल्यावर एका वेटरने सुगंधाला वेताच्या खुर्चीवर बसवून चहा आणून दिला होता. दुसऱ्याने केलेला चहा ती गरम असताना पिते आहे, हे मी प्रथमच पाहिलं. तेव्हापासून ती दोनदा म्हणाली, खुर्ची चांगली होती. तिला तिथे एकदा न्यायचं आहे, पण मी शपथ घेतलेला चिटणीस! तुम्ही समितीत नाही. तेव्हा पौषात जरा खोकला घेऊन या. डॉक्टरांनी डोंगराची हवा सांगितली म्हणता येईल, आणि वडीलधाऱ्या आजारी माणसाला एकटं कसं सोडणार? सुगंधाला यातलं काही कळवू नये.

ता. क. २ : मामा, हे पाणी भरायला गेलेत, आणि पत्र पेटीत मीच टाकणार आहे. शेवंतीवहिनी आणि मी मंगळवारी दुपारी जाऊन आलो. समितीत बायकांना घेतलंच नव्हतं, त्यामुळे शपथ आम्हाला नाही. चहा पाणचट आहे. पिऊन झाल्यावर मी कपबशी घेऊन विसळायला नळ शोधत होते, वेटर मागे धावला. तिथे विसळायची नसते. यांना सांगू नका, बिचारे मला नेणार म्हणून खुशीत आहेत. तुम्ही मात्र नक्की या, म्हणजे मला पुन्हा एकदा पहिल्यांदा जाता येईल. — सुगंधा