वाचेल तेव्हा वाचेल

नवागाम, सुरत
१२ मे

प्रिय हेमराज,

आई आता बऱ्या आहेत. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला लागणार नाही. गुडघ्याच्या ऑपरेशनचे टाके निघाले. वॉकर धरून त्या स्वयंपाकघरापर्यंत येतात, वरणात मीठ कमी पडलंय एवढं मला ऐकवतात आणि परत जाऊन पडतात. पण गेल्या मंगळवारी त्या मोरीपाशी चक्कर येऊन कोसळल्या होत्या आणि एक दिवस त्यांना दवाखान्यात सलाईनवर ठेवावं लागलं. फोनवर मी तुला 'उन्हाने झालं' म्हणाले. ते खोटं होतं. तुझ्या आईच्या या दोन खोल्यांत मुलांच्या कानांपासून काही लपत नाही, आणि तोंड उघडलं असतं तर मी ओरडलेच असते. म्हणून पत्र लिहितेय. तू महिनाभर अरुणाचलात झिरोलाच आहेस, एका पत्त्यावर आहेस, हे गाडीत संसार थाटल्यापासूनच्या अडीच वर्षांत पहिल्यांदाच घडतंय.

परवा तू टाकलेला, आम्ही गाडीत असतानाचा व्हिडिओ आशिषने दाखवला. गाडीच्या दाराला टांगलेला फळा, त्याच्यापुढे आपली दोन्ही मुलं, मागे नदी, आणि तुझा आवाज : 'आमच्या मुलांची शाळा रोज नव्या जागी भरते.' खाली लोकांनी काय काय कौतुक केलंय! त्या फळ्यावर लिहिणारी बाई मात्र कुठेच दिसत नाही. कशी दिसणार? ती स्टोव्हवर भात ठेवून अपूर्णांक शिकवत होती, आणि ते संपायच्या आत तू 'ऊन छान पडलंय, निघूया' म्हणून गाडी सुरू केली होतीस. स्पितीत सुरू केलेला भागाकार हंपीत संपला. मी बँकेतली कारकून, रे. शिकवायचं कसं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. प्रत्येक धडा मी आधी स्वतः वाचायचे, मग मुलांना वाचून दाखवायचे. निदान मराठी तरी तू घे म्हटलं, की तू हसून म्हणायचास, 'तू वाचतेस ते ऐकायला मलाही आवडतं.' आणि खरंच मुलांच्या शेजारी मांडी घालून बसायचास. मला त्याचं काय कौतुक वाटायचं!

मंगळवारी आईंचे रिपोर्ट आणायला मी दवाखान्यात गेले. आशिष मागे लागला म्हणून त्याला बरोबर घेतलं. हर्षदाला म्हटलं, तू दहा वर्षांची आहेस, आजीला औषधं तू दे. चिठ्ठीवर स्वच्छ लिहून दिलं : बीपीची गोळी फक्त सकाळी, दुखण्याची जेवणानंतर. सकाळची मी देऊन गेले होते. दुपारी तिने दुखण्याची म्हणून बीपीची दिली. चार वाजता आजीचा गुडघा ठणकायला लागला, तेव्हा आणखी एक दिली. आम्ही गल्लीत शिरलो तर दारात बायकांची गर्दी. खालच्या मजल्यावरच्या प्रमिलाबाई आईंचे पाय उंच धरून बसलेल्या, आणि हर्षदा कोपऱ्यात ती चिठ्ठी मुठीत घेऊन उभी.

मी तिला मारलं, हेमराज. दवाखान्यातून आल्यावर, सगळं निभावल्यावर, शांतपणे विचारायच्या ऐवजी मारलं. 'एवढं सरळ लिहिलं होतं, तुला वाचता येत नाही का?' मग आशिष रडत रडत मधे पडला. 'नाही येत तिला, आई. मी सांगतो ना तिला कानात.'

सात वर्षांचा आपला मुलगा दोन वर्षं बहिणीला अक्षरं कानात सांगतोय. पुस्तक उघडलं की दोघं एकमेकांना खेटून का बसायची, ते मला आता कळलं. मी वाचलेला धडा हर्षदा एकदा ऐकून पाठ करायची आणि ओळींवर बोट फिरवत मला म्हणून दाखवायची. मी खूश. तिला पन्नास पक्षी आवाजावरून ओळखता येतात, कुठल्याही ढाबेवाल्याशी त्याच्या बोलीत बोलता येतं, आणि 'सकाळी' हा शब्द वाचता येत नाही. आशिष इथे येऊन महिना झाला नाही तर दुकानांच्या गुजराती पाट्याही वाचायला लागलाय. ती त्याच्याबरोबर रस्त्याने जाताना मान खाली घालून चालते.

प्रमिलाबाई तीस वर्षं मराठी शाळेत शिकवत होत्या. त्यांनी चार दिवस हर्षदाला रोज जवळ बसवलं. शेजारच्या कापड-कारखान्यातल्या लूमचा खडखडाट चालू असताना त्या एकेक अक्षर तिच्याकडून पिठात गिरवून घेत होत्या. मग मला म्हणाल्या, 'पोरगी हुशार आहे, उज्ज्वलाबेन. अक्षरं तिच्या डोळ्यांपुढे ठरत नाहीत, एवढंच. अशी मुलं मी पाहिलीत. तपासून घ्या. पण हिला रोज, एका जागी, एकाच माणसाने शिकवायला हवं. वर्षं लागतील.' रोज आणि एका जागी. मी वर येऊन भिंतीकडे तोंड करून रडले.

आई खाटेवरून बघत होत्या. मला वाटलं, आता माझ्या शिकवण्याचा उद्धार होणार. त्या म्हणाल्या, 'तिना बाप बी आस्साच व्हता, माय.'

मग त्यांनी सगळं सांगितलं. चौथीत तू दोनदा बसलास. मामंजी कारखान्यातून आले की पुस्तक पुढ्यात टाकायचे, आणि तुला वाचता आलं नाही की पट्टा काढायचे. शेजारच्या मुलाकडून ऐकून तू अख्खं पुस्तक पाठ केलंस आणि तसाच दहावीपर्यंत गेलास. आई सांगताना रडत होत्या. त्यांना वाटतं, तेव्हा आपण मधे पडायला हवं होतं.

बारा वर्षं मी तुझ्याबरोबर राहतेय. फॉर्म मी भरायचे, हॉटेलातलं मेनूकार्ड तू मला द्यायचास, मी निरोप लिहिला की तू उत्तर बोलून पाठवायचास. मला वाटायचं, हा आळशी आहे, लाडावलेला आहे. तुझं दुःख कळलं तेव्हा मला तुझी कणव यायला हवी होती. पण आधी संताप आला, तो अजून गेलेला नाही. कारण हंपीला मी तुला म्हटलं होतं, हर्षदा वाचायला टाळते, माझं काहीतरी चुकतंय. तू म्हणालास, 'वाचेल तेव्हा वाचेल. मागे लागू नकोस.' मी ते शहाणपण समजले. तू तिला ओळखलं होतंस, हेमराज. पहिल्या दिवसापासून ओळखलं असशील. शाळा मुलांना मारते म्हणून तू तिला शाळेपासून लांब नेलंस, ते मी समजू शकते. पण तिला एकटं सोडलंस. आणि मला रोज स्वतःला कमी समजू दिलंस.

जूनमध्ये दोघांनाही इथल्या शाळेत घालतेय. संध्याकाळी हर्षदा प्रमिलाबाईंकडे बसेल. आम्ही गाडीत परत येणार नाही. हे विचारत नाही, कळवतेय.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. काल हर्षदा माझ्या कुशीत शिरून म्हणाली, 'आई, मी ढ आहे हे बाबांना सांगू नको. ते मला व्हिडिओत घेणार नाहीत.' तुझं नाव माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. ती गोष्ट तुझी आहे, ती मी सांगायची नाही. मी कितीही समजावलं तरी ज्या बाईला अक्षरं कधी अडली नाहीत तिचं बोलणं आहे ते. तिला तिच्यासारखं माणूस हवंय, आणि तिच्या ओळखीत असं एकच आहे. म्हणून हे पत्र मोठ्या अक्षरात, एक ओळ सोडून लिहिलंय. कुणाकडून वाचून घेऊ नकोस. दोन दिवस लागू देत, चार लागू देत. आणि वाचून झालं की गाडी तिथेच ठेव, मिळेल त्या गाडीने सुरतला ये, आणि तिच्या शेजारी बसून, माझ्यादेखत, एक पान मोठ्याने वाच. अडखळत वाच.

तुझीच, रागावलेली,
उज्ज्वला